पानिपत कोणी, केव्हा, कोणाला सांगितलं?

प्रश्न थोडक्यात असा: आजीच्या तोंडून ऐकलेलं पानिपत, शाळेच्या धड्यातलं पानिपत आणि २०१९च्या चित्रपटातलं पानिपत एकमेकांशी जुळत नाही. मग एखाद्या लढाईबद्दलची समाजाची आठवण बदलते तरी कशी, आणि त्यातला कुठला थर कधीचा हे ओळखायचं कसं?

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका गोष्टीपासून करू. मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यातली ही लढाई १४ जानेवारी १७६१ला, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी झाली आणि म्हणून मराठीत ‘संक्रांत कोसळली’ म्हणतात, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. मकरसंक्रांत निरयन गणितावर, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षावर चालते. इंग्रजी तारखेच्या हिशेबात ती साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी. तिथून शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत येते ९-१० जानेवारीला. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन चार-पाच दिवस उलटले होते. त्या दिवसाची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, वार बुधवार. वाक्प्रचारालाही पानिपताची गरज नाही. संक्रांतीदेवीचं वाहन कोणतं, वस्त्र कोणतं, ती कुठून येते आणि कुठे पाहते हे पंचांगात दरवर्षी छापलेलं असतं. तिची नजर पडेल तिथे पीडा, ही समजूत तिथलीच.

आता खरा मुद्दा. लढाई आणि संक्रांत यांची ही सांगड बसली केव्हा? लोक लढाईची तारीख इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे सांगू लागले आणि संक्रांतही १४ जानेवारीला पडू लागली, त्यानंतरच. म्हणजे विसाव्या शतकात. गोष्ट १७६१ची, पण तिचा जन्म फार अलीकडचा, आणि तो दाखला गोष्टीच्याच शिवणीत सापडतो. लढाईची तारीख आपल्याला पाठ असते, सांगण्याची तारीख मात्र कोणी विचारत नाही. युद्धाच्या आठवणीचा अभ्यास म्हणजे ही दुसरी तारीख शोधणं.

काम असं करा. सगळं युद्ध हातात घेऊ नका, एकच प्रसंग निवडा. दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाटावरचा मृत्यू, मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, यांनी हत्ती सोडून घोड्यावर बसणं, मल्हारराव होळकरांनी रण सोडणं, सूरजमल जाटाचं आधी वेगळं होणं आणि नंतर पळून आलेल्यांना आसरा देणं, यांपैकी कुठलाही चालेल. वहीत किंवा संगणकावर तक्ता आखा. एका ओळीत एक सांगणं. रकाने सहा: केव्हा लिहिलं किंवा सांगितलं, कोणी आणि कोणाच्या चाकरीत असताना, कोणासाठी, नेमकं काय म्हटलं (शब्दशः, सारांश नको), त्याला ते कुठून कळलं, आणि काय वगळलं. पंचवीस-तीस ओळी झाल्या की तक्ता बोलू लागतो. पाचवा रकाना भरताना सर्वात जास्त वेळ जातो आणि सगळी मेख तिथेच असते. बहुतेक लेखनात तो रकाना रिकामाच राहतो. मग तो तसाच ठेवा, अंदाजाने भरू नका.

पानिपताच्या बाबतीत ओळी साधारण कशा लागतात ते पाहू. सर्वात खाली पत्रं. ही बातमीची, चिंतेची, पैशांची असतात. कोण पडला, कोण सापडत नाही, हुंडी वटली की नाही. ‘दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही’ हा सावकारी निरोप या थरातला मानला जातो. तो नर्मदेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडला. पण तुमच्या तक्त्यात त्याची ओळ भरताना सावध राहा. ग्रँट डफने तो १८२६च्या आपल्या इंग्रजी इतिहासात दिला, आणि आज फिरणारी त्याची मराठी रूपं एकमेकांशी शब्दशः जुळत नाहीत. कोणी ‘हारपल्या’ लिहितं, कोणी ‘गमावल्या’. म्हणून उद्धृत करताना हे रूप कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून घेतलं ते लिहाच.

त्यावरचा थर बखरींचा. भाऊसाहेबांची बखर आणि रघुनाथ यादवाची पानिपतची बखर, दोन्ही लढाईनंतर लवकर लिहिल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात. यांत घटनांपेक्षा संवाद जास्त. ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे दत्ताजींचं वाक्य भाऊसाहेबांच्या बखरीमुळे आपल्यापर्यंत आलं. अब्दालीला मिळालेला रोहिला सरदार नजीबखान याला संपवलं तर पेशवे तुम्हाला धोतरं बडवायला लावतील, हा मल्हाररावांचा सल्लाही तिथलाच. बखरकाराला संवाद रचण्याची मुभा होती; महाभारतातल्या कथेसारखं ऐकणाऱ्यासमोर चित्र उभं करणं हे त्याचं काम. म्हणून ही वाक्यं ‘मल्हारराव असं म्हणाले’ याचा पुरावा होत नाहीत. लढाईनंतर काही वर्षांतच लोकांना मल्हाररावांच्या तोंडी असं वाक्य शोभून दिसत होतं, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. माझ्या मते ही दुसरी माहिती पहिलीपेक्षा मोलाची, कारण शिंदे-होळकर-पेशवे यांच्यातला अविश्वास लोकांना तेव्हाच दिसत होता हे त्यातून कळतं.

मग काशीराज. अब्दालीच्या बाजूने आलेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या चाकरीतला मराठी ब्राह्मण, लढाईच्या वेळी समोरच्या छावणीत हजर, मृतदेहांच्या शोधातही होता. यापेक्षा चांगला साक्षीदार कोणता? पण त्याने लिहिलं सुमारे १७८०मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी आणि फारसीत. जेम्स ब्राऊनने त्याचं इंग्रजी केलं, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस छापलं गेलं. इंग्रजांच्या इतिहासांनी ते उचललं, आणि इंग्रजीवरून ते मराठीत आलं. या वाटेवर प्रत्येक वळणाला काहीतरी सांडतं. ज्यांना मूळ फारसीपर्यंत पोचता येत नाही त्यांनी निदान एवढं करावं: तक्त्यात ‘काशीराज’ न लिहिता ‘ब्राऊनच्या इंग्रजीतला काशीराज’ असं लिहावं. एका साक्षीदाराच्या तीन भाषांतल्या प्रतींना तीन साक्षीदार समजणं ही नवख्यांची सर्वात मोठी चूक असते. डफ असं म्हणतो, एल्फिन्स्टनही तेच म्हणतो, शाळेतलं पुस्तकही तेच म्हणतं, म्हणजे खरंच असणार, असा हिशेब होतो; तिघांच्या मागे माणूस एकच असतो.

मल्हाररावांचा प्रसंग घेऊन हे प्रत्यक्ष पाहा. पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेबांनी मल्हाररावांना निरोप पाठवला की ‘सांगितल्याप्रमाणे करा’, आणि स्वतः घोड्यावर बसून ते गर्दीत दिसेनासे झाले. त्यानंतर होळकर फौजेसह निघून गेले, असं डफ लिहितो. निरोपाचा अर्थ काय होता हे तो सांगत नाही. या एका मोकळ्या जागेवर पुढची दोनशे वर्षं उभी आहेत. होळकर घराण्याच्या बाजूने सांगताना निरोपाचा अर्थ ‘बायकामाणसं घेऊन सुखरूप निघा’ असा होतो. विरुद्ध बाजूने सांगताना नजीबखानाशी असलेला जुना घरोबा पुढे येतो आणि तेच निघणं दगा ठरतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपताच्या काळातल्या पत्रांचाच. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पराभवाची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली त्यांत गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव ठळक होते. आता हे १८९८ साल पाहा. राज्य जाऊन ऐंशी वर्षं झालेली, लढाई पाहिलेलं कोणी उरलेलं नाही, आणि सुशिक्षितांपुढचा प्रश्न हा की आपलं राज्य का गेलं. त्या प्रश्नाला पानिपत हे उत्तर मिळालं आणि फूट हे कारण. शिस्त, आज्ञापालन, एकजूट हे त्या पिढीचे ध्यास. म्हणून आज्ञा न मानणारा सरदार हाच खलनायक.

पत्रं छापली गेली याचा अर्थ मात्र कमी लेखू नका. १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफवर मराठीत टीका लिहिली, १८७८ला काव्येतिहाससंग्रह सुरू झाला, १९१०ला भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले ४५ खंड निघाले, त्यातला दुसरा पानिपतप्रकरणाचा. साक्षीदार मेल्यावर आठवण आपोआप धूसर होत जाते असं आपण समजतो. इथे उलट झालं: लढाईला सव्वाशे-दीडशे वर्षं झाल्यावर माहिती वाढली. जर्मन अभ्यासक यान आस्मान यांनी मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. तोंडातोंडी चालणारी आठवण तीन पिढ्या, फार तर ८० ते १०० वर्षं टिकते; त्यापुढे ती जगायची तर तिला सण, स्मारक, पुस्तक, शाळा असा आधार लागतो. पानिपताची पहिली आठवण १८४०च्या आसपास संपायला हवी होती. ती संपायच्या बेताला डफचा ग्रंथ आणि त्याचं मराठी रूप आलं. त्यामुळे आज ‘घरात परंपरेने ऐकलेलं’ म्हणून जे येतं, त्यातलं बरंच पणजोबांनी शाळेत वाचलेलं असतं.

पुढचे थर भराभर. इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकर यांचं पानिपतावरचं इंग्रजी पुस्तक १९४६चं, मराठी १९६१चं, म्हणजे द्विशताब्दीचं आणि महाराष्ट्र राज्य होऊन एक वर्ष झालेलं. त्यांनी भाऊसाहेबांवरचा उद्धटपणाचा शिक्का पुसण्याचा प्रयत्न केला आणि लढाईकडे परक्या आक्रमकाला रोखण्याचा प्रसंग म्हणून पाहिलं. १७५२च्या करारात मराठ्यांनी दिल्लीच्या बादशाहीच्या रक्षणाची हमी घेतली होती, हा त्यामागचा धागा. १९८८ला विश्वास पाटलांची कादंबरी आली आणि लाखो वाचकांसाठी भाऊसाहेब शोकनायक झाले. त्यानंतरच्या पिढीचं बोलणं ऐका: पराभवाची लाज जवळजवळ गेली आहे, ‘हरले पण लढले’ असा अभिमान आला आहे. दर १४ जानेवारीला पानिपतच्या काला आंब स्मारकावर होणारे कार्यक्रम याच थरातले. रणभूमी तीच, मात्र दुखवट्याच्या जागी आता शौर्यदिन होतो.

हे होताना कोणी मुद्दाम खोटं बोलतं असं नाही. जाणकारांनी तेच पत्र वाचलं तरी ज्या ओळीखाली रेघ मारायची ती ओळ बदलते. इब्राहिमखान गारद्याचं उदाहरण घ्या. शेवटपर्यंत भाऊसाहेबांबरोबर राहिला, पकडला गेला, मारला गेला, हे जुन्या लेखनातही आहे. पण जुन्या सांगण्यात भर होता तो त्याच्या तोफा आणि कवायती पलटणी मराठ्यांच्या गनिमी काव्याशी जुळत नव्हत्या यावर. त्याची निष्ठा हा मथळा झाला तो धर्म आणि देश या शब्दांची ओढाताण वाढल्यावर. म्हणून तक्त्यात ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती ओळी दिल्या आणि कुठे ठेवल्या’ हे मोजा.

आता तांत्रिक चुका, कारण निम्मे निष्कर्ष इथेच वाकडे जातात. मराठी पत्रांत बहुधा साल नसतं, तिथी किंवा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख) आणि महिना असतो. छापील खंडात वर दिलेली तारीख संपादकाने ठरवलेली असते. कंसात असेल तर तो अंदाज समजा. साल असलंच तर अनेकदा सुहूर सन असतो, शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवा आणि जानेवारी ते मेसाठी ६००. चुकलात तर लढाईच्या काही महिने आधी मराठ्यांनी जिंकलेल्या कुंजपुऱ्याचं पत्र लढाईनंतरचं ठरतं. फारसी साधनांत हिजरी असतो. लढाईचा दिवस ६ जमादिलाखर ११७४. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्रीच्या घटनांत एक दिवसाचा फरक पडला तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

आकड्यांचंही तसंच. ‘लाख’ हा त्या काळच्या लेखनात अनेकदा आकडा नसतो, ‘अफाट’ या अर्थाचा शब्द असतो. शिवाय छावणीत लढणारे आणि बुणगे असे दोन भाग होते. बुणग्यांत कारकून, बाजारकरी, बायका, नोकर, तीर्थाला म्हणून बरोबर निघालेले यात्रेकरू. एका साधनातला लढाऊंचा आकडा आणि दुसऱ्यातला सगळ्या छावणीचा आकडा शेजारी ठेवून ‘अतिशयोक्ती’ म्हणण्याआधी कोणाला मोजलंय ते पाहा.

शब्दांचा वेगळा तक्ता करा, त्यात मजा आहे. ‘पानिपत होणे’, ‘विश्वास गेला पानिपतात’, ‘भाऊगर्दी’, ‘गिलचा’ (अफगाण सैनिक). जुन्या कोशांपासून आजच्या बातम्यांपर्यंत त्यांचे अर्थ टिपा. ‘पानिपत’ आज निवडणुकीत आणि क्रिकेटमध्ये होतं; ‘भाऊगर्दी’ लग्नाच्या पंगतीत होते आणि ‘भाऊ’ म्हणजे भावकी समजून लोक ती वापरतात. सदाशिवरावभाऊ शब्दातून गळून गेले. भाषेत विसरणं असं होतं: शब्द राहतो, माणूस जातो.

दुसऱ्या बाजूंशिवाय तक्ता लंगडा राहतो. २०१९च्या चित्रपटावर सर्वात मोठा गोंधळ महाराष्ट्रात झालाच नाही, राजस्थानात झाला, कारण मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा सूरजमल भरतपूरच्या जाटांना मान्य नव्हता. त्यांच्या आठवणीतलं पानिपत म्हणजे जखमी मराठ्यांना अन्न-वस्त्र देणारा राजा. अफगाण बाजूनेही नाराजी आली; तिथे अहमदशाह हा राष्ट्राचा ‘बाबा’ आहे, त्याची कबर कंदाहारला आहे. पाकिस्तानच्या एका क्षेपणास्त्राचं नाव ‘अब्दाली’ आहे. हरियाणातला रोड समाज आज पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांशी आपलं नातं सांगतो. १८८१च्या पंजाबच्या जनगणनेवरून इंग्रज अधिकारी इबेट्सनने लिहिलं तेव्हा त्याच समाजाने सांगितलेली मूळकथा परशुरामाची आणि रजपुतांची होती. यावरून कोणाला खोटं पाडायची घाई करू नका. सव्वाशे वर्षांत एका समाजाला आपलं मूळ एका पराभूत फौजेत शोधावंसं वाटलं, पराभवाचा मान इतका वाढला, हीच नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

लढाईनंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांकडेही विशेष लक्ष द्या, कारण तिथे आठवण अजून गोठलेली नसते. भाऊसाहेबांचा मृत्यू सगळ्यांनी मान्य केला नव्हता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य घेतलं नाही. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, आणि १७७६मध्ये त्याला देहदंड द्यावा लागला. तोतयाला लोक का मिळाले याचं ‘भोळेपणा’ हे उत्तर आळशी आहे. घरोघर माणूस ‘सापडत नाही’ अशा अवस्थेत होता; भाऊसाहेब परत येऊ शकतात तर आपलाही येईल. आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तोतयाची चौकशी म्हणजे ‘पानिपत संपलं’ असं अधिकृतपणे जाहीर करणं होतं.

शेवटचा रकाना, ‘काय वगळलं’. सावकारी निरोपातच उतरंड ठरलेली आहे: दोन मोती, सत्तावीस मोहरा, बाकी खुर्दा. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं लेखन मोती आणि मोहरांबद्दलच होतं. ‘लाख बांगडी फुटली’ हे वाक्य आज सर्रास म्हणतात. त्यात निदान मोजणी खुर्द्याकडे सरकली, पण बांगडी कोणाची, कुठल्या गावची, हे त्यातही नाही. ते शोधायचं असेल तर लढाईची वर्णनं बाजूला ठेवा आणि थोरल्या माधवरावांच्या काळातल्या पेशव्यांच्या रोजनिशीचे छापील खंड उघडा. ‘कामास आला’, ‘ठार जाहला’, ‘बालपरवेशी’ हे तीन शब्द धरून पानं चाळा. पडलेल्याच्या मुलाला किंवा विधवेला दिलेली जमीन, धान्य, रोख नेमणूक अशा दोन-चार ओळींच्या नोंदी मिळतात: माणसाचं नाव, गाव, कारण आणि रक्कम. प्रत्येक नोंद तक्त्यात वेगळी ओळ म्हणून भरा. कारणात पानिपताचं नाव नसेल तर ती पानिपताच्या नावावर घालू नका, बाजूला ठेवा. त्याच वर्षांत निजामाशी आणि हैदराशीही लढाया चालू होत्या.